खालचा आवाज

गाडीतला कंपनीचा टेप बदलावा का, असं मला अजून लोक विचारतात. विमा एजंट म्हणून मी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दारोदार हिंडतो, त्यामुळं माणसांना वाटतं, याला सगळ्यातलं कळतं. मी सांगतो, बदलू नका. का, म्हणून कुणी विचारलं की मी हप्त्यांचा विषय काढतो आणि माणूस आपोआप गप्प बसतो. पण एकदा कुठंतरी खरं सांगायला पाहिजे, म्हणून सांगतो.

मी भित्रा माणूस आहे. नाक्यावर मोठ्यानं हसणारा, चार लोकांत छाती काढून बोलणारा, आणि आतून पार ससा. सदुसष्ट सालच्या भूकंपात मी चार वर्षांचा होतो. कोयनानगरच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. पहाटे घर पडलं तेव्हा आईनं मला दंडाला धरून बाहेर ओढलं. माझी पाळण्यातली बहीण आत राहिली. मला पडलेलं घर आठवत नाही, लोकांची रडारड आठवत नाही. मला आठवतो तो आवाज. घर हलायच्या आधी तो जमिनीखालून आला. ढग गडगडला तर माणूस वर बघतो, पण हा आवाज पायाखाली होता. तो मला कानात ऐकू आलाच नाही, पोटात आला.

त्र्याण्णव साली किल्लारीचं झालं आणि दोन महिन्यांत आमच्याकडंही पुन्हा धक्के सुरू झाले. पेपरवाले त्यांना सौम्य म्हणायचे. म्हणणाऱ्याचं काय जातं? वस्तीत मग जुनी रीत परत आली. प्रत्येक घरात फळीवर एक तांब्या पालथा घालायचा, त्यावर तीन पेले एकावर एक रचायचे आणि वर एक चमचा आडवा ठेवायचा. जरा हललं की चमचा पडायचा, मागोमाग पेले. तो आवाज झाला की उठायचं आणि खळ्यावर पळायचं. घराला कडी घालायची नाही. कुणी कुणाला उचलायचं तेही ठरलेलं. आमच्या घरात आईनं माझ्या पोरीला, प्रियंकाला उचलायचं आणि बायकोनं कागदपत्रांची पिशवी घ्यायची. मी काय घ्यायचं, असं मी विचारलं तेव्हा स्वप्ना म्हणाली, "तुमी फक्त स्वतःला उचला. तेवढं जमलं तरी पुष्कळ झालं."

स्वप्ना शाळेत मास्तरीण आहे. तिचं बोलणं असंच असतं, छडी न उगारता लागणारं.

आईला, म्हणजे येसूबाईला, वस्तीत मान होता तो याच बाबतीत. साठीची बाई, पण पेला वाजला की सगळ्यांत आधी खळ्यावर असायची, काखेत प्रियंका. तिचं पळणं बघून बाकीची घरं पळायची. डिसेंबरातल्या धक्क्याला ती शेजारच्या कोंडीबाला दारातून हाका मारत गेली म्हणून तो उठला, नाहीतर तो कुंभकर्ण. लोक म्हणायचे, येसूकाकू हाय तवर वस्तीला भ्या न्हाई.

आता गाडीचं. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअरकडून मी त्याची पांढरी मारुती घेतली होती. गाडीबरोबर आलेला कंपनीचा टेप तिच्यात होता. तसा चांगला होता. माणसाचा गळा त्यातून स्वच्छ यायचा. रविवारी आई मागच्या सीटवर मांडी घालून बसायची आणि भीमगीतांची कॅसेट लावायला सांगायची. एकेक शब्द तिच्यासाठी निवडून ठेवल्यासारखा यायचा. "गानं समजतंय बग," ती म्हणायची. तिच्या लेखी त्याहून जास्त काही गाण्याकडून मागायचं नसतं.

माझी तक्रार वेगळी होती, आणि ती मी कुणाजवळ बोललो नव्हतो. त्या टेपमध्ये खालचा आवाज नव्हता. ढोलकीची टिकटिक यायची, तिचा घुमारा यायचा नाही. गाणं सगळं वरच्या मजल्यावर चाललेलं आणि खालचा मजला रिकामा. त्या रिकाम्या जागेत मला चाकांचा आवाज ऐकू यायचा, इंजिनाचा यायचा, आणि त्यांच्याही खाली तो तिसरा यायचा, किंवा आल्यासारखा वाटायचा. पाटण सोडून घाटरस्ता लागला की माझे कान आपोआप तिथं जायचे. दोनदा मी गाडी कडेला घेऊन उतरलो आणि डांबरावर हात टेकून बसलो. दुसऱ्या वेळी मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "काय वो, काय सांडलं का?" मी म्हटलं, पेन पडलं.

फेब्रुवारीत आष्ट्याला एका बागाईतदाराची पॉलिसी करायला गेलो होतो. त्यानं त्याच्या नव्या जीपमधून मला स्टँडवर सोडलं. गाडी माझी त्या दिवशी गॅरेजात होती. जीपच्या मागं त्यानं एक मोठा डबा बसवला होता, लाकडी, काळ्या कापडानं मढवलेला. त्यातून नुसता खालचा आवाज यायचा, बास. ढोल वाजला की सीट हलायची, बरगड्या हलायच्या. दहा मिनिटं मी त्या जीपमध्ये बसलो आणि दहा मिनिटं मी जमीन विसरलो. स्टँडवर उतरल्यावर मला हे लक्षात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. सत्तावीस वर्षांनी दहा मिनिटं सुट्टी मिळाली होती.

पुढच्याच आठवड्यात मी माझी गाडी घेऊन सांगलीला बिराप्पाच्या दुकानात गेलो. बिराप्पा जतकडचा. घरची मेंढरं, हा मात्र बारा वर्षं फौजेत सिग्नलला होता, तिथून तारांचं शिकून आलेला. गाड्यांना टेप बसवण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. त्यानं माझा टेप वाजवून बघितला, मान तिरकी करून ऐकला आणि बंद केला.

"ह्यो काढायचा कशापायी?" तो म्हणाला. "एकदम ओके हाय. हेड साफ केलं की आजून धा वर्सं बगायला नगं."

"खालचा आवाज येत नाही त्यात."

"गानी कंची ऐकता?"

"कुठलीही."

"मंग खालचा आवाज काय करायचाय सायेब? गाडीत नाचनार हाय व्हय?"

मी हसलो. तो हसला नाही. "खरं सांगू का? माजा धंदा हाय तरी सांगतो. गानं ऐकायचं आसंल तर फुडचे दोन स्पीकर तेवढे बदला. लय झालं. डबा बसवला की गानं कमी आन् धक्काच जास्ती. डिकी जाती. मागच्या सीटची पाठ बी मग आडवी पडनार न्हाई, डबा तिला बोल्टनं आवळावा लागतो."

"धक्काच पाहिजे मला," मी बोलून गेलो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. काय समजला कुणास ठाऊक. "ठीक हाय," म्हणाला आणि पान्यांची पेटी उघडली.

संध्याकाळपर्यंत काम झालं. नवा टेप, अँप्लिफायर, मागं डबा. बिराप्पानं मला गाडीत बसवलं, दार लावून घेतलं आणि खिडकीतून म्हणाला, "हात ठेवा दारावर." मी ठेवला. ढोल सुरू झाला आणि दार माझ्या हाताखाली धडधडायला लागलं. त्या आवाजाखाली काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी त्याचे दोन्ही हात धरले. त्याला ते जरा विचित्र वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांगलीहून निघालो तो सगळी वाट टेप लावून. उंब्रजला एका गिऱ्हाइकाकडं थांबलो, तिथून मल्हारपेठ, पाटण. घाटातल्या एकाही वळणाला माझा पाय ब्रेकवर गेला नाही. घरच्या भिंतीला लागून गाडी उभी केली, आणि सगळ्यांना दाखवावं म्हणून टेप होता तेवढा मोठा केला.

घरातून चमचा पडल्याचा आवाज मला आला नाही. पेले पडल्याचाही आला नाही. दार धाडकन उघडलं आणि आई बाहेर आली. काखेत प्रियंका, डोक्यावरचा पदर सुटलेला, पायात काही नाही. ती माझ्या गाडीच्या पुढून पळाली. तिनं गाडी बघितली नाही, मलाही नाही. "पळा, पळा रं!" एवढंच ओरडत होती. मागोमाग शेजारचे, त्यांच्या मागोमाग पलीकडचे. बायका, म्हातारे, अंगाला साबण लागलेलं एक पोर. धोंडुबाई बाळंतपणाला आलेल्या लेकीला धरून खळ्याकडं ओढत होती. कोंडीबा पायरीवरून घसरला आणि गुडघ्यावर आपटला.

मी टेप बंद केला. एकदम सगळं शांत झालं आणि मग लोकांच्या माना माझ्याकडं वळल्या.

शिव्या खाल्ल्या, त्या खायलाच पाहिजे होत्या. कोंडीबानं माझ्या सात पिढ्या काढल्या. पण शिव्यांनंतर हसू आलं, तिथं घोटाळा झाला. कुणीतरी म्हणालं, "येसूकाकू गान्याला भ्याली रं!" आणि भीती उतरलेली माणसं हसतात तसं सगळं खळं हसायला लागलं. आई प्रियंकाला काखेत धरून मध्ये उभी होती. ती हसली नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि घरात गेली. पोरांना खेळ मिळाला. दिसेल तिथं ती ओरडायची, "आज्जी, पळा! गानं आलं!"

मी टेपचा आवाज कमी ठेवायला पाहिजे होता. पण कमी ठेवला की खालचा मजला पुन्हा रिकामा व्हायचा. मग मी तोड काढली. रोज संध्याकाळी घाटातून येताना आवाज मोठा, आणि घरापाशी आल्यावर चालू गाणं संपेपर्यंत गाडीतच बसायचं. भिंतीपलीकडं भांडी वाजायची. आठवड्याभरात वस्तीला सवय झाली. फळीवरचे पेले थरथरले की लोक म्हणायचे, "म्हेंद्रा आला." आईनं चमचा फळीवरून काढून टाकला. भांडी वाजायला लागली की ती उठायची आणि माझ्यासाठी चहाचं आधण ठेवायची. मी आत येईपर्यंत चहा उकळलेला असायचा.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला याचा आनंद झाला. आईची भीती गेली, मी घालवली, असं मी स्वप्नाला छाती फुगवून सांगितलं.

स्वप्ना वह्या तपासत होती. तिनं मान वर केली नाही. "आवं, त्यांची भीती कामाची होती," ती म्हणाली. "तुमची बिनकामाची आहे. घालवायची तर तुमची घालवायची होती."

मला राग आला. मास्तरणीशी लग्न करू नये, असं काहीतरी मी बोललो. तिनं लाल पेनानं कुणाच्या तरी गणितावर फुली मारली.

एकदा रविवारी मी आईला गाडीत बसवून भीमगीतं लावली. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "शब्द कुटं गेलं रं?" मी आवाज वाढवला. पुढं पुन्हा कधी गाडीत गाणं लावायला तिनं सांगितलं नाही.

मार्च उजाडला. त्या गुरुवारी मी उंब्रजहून परत येत होतो. पाच वाजून गेले होते, ऊन उतरत होतं. घाटातल्या शेवटच्या वळणाला स्टिअरिंग हातात जरा डुललं. टायर बसला असेल, असं वाटलं. गाणं जोरात चाललं होतं, ढोलाचा तुकडा होता, दार धडधडत होतं, सीट धडधडत होती. पुढं रस्त्यावर वरून चार-पाच दगड आलेले दिसले. ते मी वळसा घालून टाळले. माकडांनी पाडले असतील म्हणून पुढं गेलो. पोटात काहीच आलं नाही. सांगतो ते अगदी खरं आहे. ज्या आवाजाची मी सत्तावीस वर्षं वाट बघत होतो, तो माझ्या गाडीखालून गेला आणि मी मान डोलवत होतो.

वस्तीवर आलो तर सगळी माणसं खळ्यावर. मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. माझी गाडी दिसली म्हणून मुद्दाम पळून दाखवतायत. मला हसू आलं. मीही चेष्टेनं आवाज आणखी वाढवला आणि हॉर्न दिला.

कोंडीबा लंगडत माझ्याकडं पळत आला. त्याच्या हातात काठी होती. ती त्यानं बॉनेटवर हाणली. काच उघडी होती, पण मला त्याचे ओठ हललेलेच दिसले. मी टेप बंद केला.

"म्हातारी आत हाय!" तो ओरडत होता. "म्हातारी आत हाय रं!"

घराचं पुढचं अंग उभं होतं. मागून धूळ येत होती. चुलीमागची दगडी भिंत आत पडली होती. स्वप्ना खळ्यावरून धावत आली. ती नळावर पाण्याला गेली होती, प्रियंका तिच्याबरोबर होती, म्हणून दोघी बाहेर. स्वप्नाचा चेहरा पांढरा पडला होता. "मी हाका मारल्या," ती म्हणाली. "नळावरून ओरडले, भूकंप आहे, बाहेर या. त्या म्हणाल्या, भूकंप न्हाई गं, तो आलाय, चा ठेवते."

मी उंबऱ्यापर्यंत पळत गेलो आणि थांबलो.

हे सांगायला लाज वाटते. उंबऱ्यावर माझे पाय उचलेनात. आत अंधार, धूळ, कुठं तरी कौल सरकल्याचा आवाज. पायाखालची जमीन अजून जिवंत आहे असं वाटत होतं. आई आत होती, दहा पावलांवर. तिनं मला दंडाला धरून असल्याच घरातून बाहेर काढलं होतं. आणि मी चौकट धरून उभा. किती वेळ उभा होतो माहीत नाही. स्वप्ना माझ्या बगलेतून आत गेली, मागं कोंडीबा गेला, त्याचा भाऊ गेला. मग मी गेलो.

आई चुलीपाशी होती. कमरेपासून खाली दगड. चहाचं भांडं बाजूला कलंडलेलं. डोळे उघडे होते. मला बघून ती म्हणाली, "आलास व्हय? मगाशीच भांडी वाजली. लय येळ लावलास."

आम्ही दगड काढले. एक पाय वाकडा झाला होता, बघवत नव्हतं. अँब्युलन्सला निरोप पाठवला तर ती दुसरीकडं गेलेली. गाडीत झोपवून कऱ्हाडला न्यायचं ठरलं. मागची पाठ आडवी केल्याशिवाय तिला झोपवता येत नव्हतं, आणि पाठ पडेना. डबा आड आला. बोल्टनं आवळलेला. पाना घरात दगडांखाली. मग मी आणि कोंडीबानं पहारीनं तो डबा उपटला. लाकूड फुटलं, तारा तुटल्या, हाताची सालं निघाली. आई दारासमोर घातलेल्या घोंगड्यावर पडून ते बघत होती. डबा आम्ही रस्त्याच्या कडेला फेकून दिला.

कऱ्हाडपर्यंतचा रस्ता मला तोंडपाठ आहे, पण त्या दिवशी तो संपेचना. स्वप्ना मागं आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी काचा वर केल्या. टेप मुका झाला होता. चाकांचा आवाज येत होता, इंजिनाचा येत होता, आणि त्यांच्याखाली एक बारीक आवाज होता, आईच्या श्वासाचा. आत घेताना घशात अडकायचा, सोडताना हलका कण्हायचा. मी सगळे कान त्याच्यापाशी ठेवले. खड्डा आला की तो थांबायचा आणि माझं काळीज थांबायचं. खड्डा गेला की परत यायचा. इतकी वर्षं मी एक आवाज येऊ नये म्हणून भीत होतो. आता एक आवाज थांबू नये म्हणून भीत होतो, आणि ही भीती पहिलीपेक्षा दसपट होती.

मल्हारपेठेच्या अलीकडं आई म्हणाली, "म्हेंद्रा, टेप लाव की. लय सुनं लागतंय."

"बंद पडलाय, आये."

"मग तू तरी बोल कायतरी."

मी गिअर बदलला. शेवटी मी म्हणालो, "आये, मी लय भ्यालोय."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "ल्हानपनापासनं ठावं हाय. गाडी नीट चालीव."

कऱ्हाडच्या दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. खुब्याजवळ हाड मोडलं होतं. पायाला वजन बांधलं आणि ते दोरीनं खाटेच्या टोकाला लटकवलं. डॉक्टर म्हणाले, जीवावरचं पायावर गेलं, पण सहा आठवडे जागची हलवायची नाही. हललं तर पाय गेला समजा. डॉक्टरांनी विचारलं, धक्का बसला तेव्हा बाहेर का आला नाहीत आजी? आई म्हणाली, "पोरगं आलं म्हनून चा ठेवत हुते." डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नाही. मी भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वप्ना प्रियंकाला आणायला गावाकडं गेली होती. वॉर्डात बाराएक खाटा. आई डोळे मिटून पडली होती. मी स्टुलावर बसून तिला केळं सोलत होतो.

आधी पोटात आला. तोच. चार वर्षांचा असताना आलेला, अगदी तसाच, आणि आता त्याच्यावर घालायला माझ्याजवळ काही नव्हतं. मग खाटांचे पाय फरशीवर करकरले. सलाईनची बाटली हेलकावे खायला लागली. कुणीतरी किंचाळलं. एक माणूस आपल्या हातातली नळी उपटून दाराकडं पळाला. नर्सबाई "बाहेर चला, बाहेर चला" म्हणत एका म्हातारीला ढकलत घेऊन गेल्या. क्षणात वॉर्ड रिकामा झाला. माझ्या हातातलं केळं खाली पडलं. मी उठलो होतो. दार सहा पावलांवर होतं. सांगतो ना, मी उठलो होतो.

आईनं डोळे उघडले. पायाचं वजन दोरीला हलत होतं आणि दर हेलकाव्याला तिचा चेहरा पिळवटत होता.

"म्हेंद्रा," ती म्हणाली, "तुजी गाडी हाय का रं?"

"व्हय आये," मी म्हणालो. "माजीच हाय. खाली लावलीय."

ती माझ्याकडं बघत राहिली. डबा उपटताना तिनं बघितलं होतं.

"पळ तू," ती म्हणाली. "मला न्हाई हालता येत. तू पळ, बाळा."

मी वजनाला एका हातानं धरलं, हलू नये म्हणून, आणि दुसऱ्या हातानं खाटेचा दांडा. डोळे गच्च मिटले. छताचे पापुद्रे मानेवर पडले. मला बाहेर पळायचं होतं. अंगातली हाडन् हाड दाराकडं ओढत होती. माझे हात इतके थरथरत होते की खाट भूकंपानं हलतेय की माझ्यामुळं, हे मला सांगता येत नव्हतं. मी फक्त धरून होतो.

बऱ्याच वेळानं माझ्या मनगटावर आईचा हात आला. वॉर्डात माणसं परत यायला लागली होती.

"सोड रं आता," ती म्हणाली. "कवाच थांबलंय."